तिकडचं मतदान

यंदा मोहफुलं पडायला आणि प्रचाराच्या गाड्या फिरायला एकच गाठ पडली. अहेरीहून सुट्टीला राजुऱ्याकडं, आईबाबांच्या घरी येत होते. रस्त्याकडेच्या मोहाखाली बाया वाकून वेचत होत्या आणि त्यांच्या अगदी कानाशी भोंगा लावलेली गाडी उभी. आपले लाडके, आपले हक्काचे, वगैरे वगैरे. एका म्हातारीनं मान वर न करता हात झटकला, माशी हाकलतात तसा. मला हसू फुटलं. तेवढ्यात बसच्या खिडकीतून तो वास आत आला, उन्हात पडून राहिलेल्या मोहाचा, गोड आणि जरासा आंबलेला, आणि हसू तिथंच विरलं. मोहाच्या वासानं लोकांना माहेर आठवतं म्हणे. मला एक मतदान आठवतं, आणि तेही आपल्या देशातलं नाही.

त्या देशाचं नाव आमच्या घरात कोणी घेत नाही. 'तिकडं' म्हणतात, तेवढ्यावर सगळ्यांना कळतं. पश्चिम आफ्रिकेतला देश, समुद्राला टेकलेला, नकाशावर बोट ठेवलं की झाकला जाईल एवढाच. माझा धाकटा भाऊ प्रफुल तिथं सिमेंटच्या कारखान्यात होता. घुग्घुसकडं किल्नवर, म्हणजे चुनखडी भाजायच्या त्या अजस्र फिरत्या भट्टीवर तो काम शिकला. इथं वर्षानुवर्षं कंत्राटीच ठेवत होते. मग एकजण भेटला, पासपोर्ट काढ म्हणाला, आणि आमचं पोरगं एक दिवस विमानात बसून गेलं. पहिल्या फोनवर म्हणाला, "ताई, इथी बी तशीच धूळ हाय. फक्त गरम जरा कमी हाय आपल्यापेक्षा." आई म्हणाली, धूळ तर धूळ, माणसं बरी आहेत ना? तो म्हणाला, माणसं खूपच चांगली आहेत. त्यात एकाचं नाव सारखं यायचं, सुलेमान.

सुलेमान त्याच्याच पाळीत होता, त्याच कंट्रोल रूममध्ये. शहरात प्रफुलच्या खोलीच्या मागच्या गल्लीत राहायचा. उंच, दातांत फट, आणि हसायला लागला की फोनचा पडदाच हलायचा. प्रफुलनं त्याला आपलं 'काऊन', म्हणजे 'का', शिकवलं होतं आणि तो ते कुठंही घुसडायचा. व्हिडिओवर आई दिसली की "मामा, काऊन?", तिकडं आईला मामा म्हणतात. बाबा दिसले की "पापा, काऊन?" आई तोंडाला पदर लावून हसायची. पोरगा परक्या मुलखात एकटा नाही, एवढं तिला त्या एका शब्दावरून समजायचं.

त्या वर्षी तिकडं निवडणूक लागली. राष्ट्राध्यक्ष आणि संसद, दोन्ही एकाच दिवशी. ही बातमी आमच्या घरात पोचली आणि बाबांच्या अंगात वारं शिरलं.

बाबांबद्दल सांगते. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते आणि सगळी नोकरी गडचिरोलीच्या जंगलातल्या शाळांत काढली. मुलांपेक्षा निवडणुकांच्याच गोष्टी त्यांच्याजवळ जास्त. आमच्यासारख्या बौद्ध घरांत मताचा दिवस सणासारखाच पाळतात. आदल्या दिवशी पांढरा सदरा धुऊन, इस्त्री करून ठेवायचा, सकाळी अंघोळ करून रांगेत. बाबा तर मत या शब्दाचा उच्चारसुद्धा जपून करतात. गंमत अशी की त्यांचं स्वतःचं मत कितीतरी वेळा हुकलं. ड्युटी दूर जंगलात, नाव इथल्या वस्तीत. टपालानं मत द्यायची सोय असते, पण तो कागद कधी आला, कधी आलाच नाही. दुसऱ्यांच्या बोटांना शाई लावून घरी यायचे आणि स्वतःचं कोरं बोट बघत बसायचे. आई चिडवायची, "काय गुरुजी, गावाचं मत पेटीत, अन् तुमचं?" तेव्हा हसायचे नाहीत.

तर असा हा माणूस. प्रफुलचा फोन आला की खुशाली आधी विचारावी की नाही? छे!

"पेटी का मशीन?"

"पेटी हाय म्हन्ते बाबा. कागद अन् पेटी."

"पेटीले सील कशाचं? लाखेचं का आजकालचं ते प्लास्टिकचं?"

"आता हे मी कोनाले विचारू बाप्पा?"

"सुलेमानले विचार ना!"

आणि सुलेमान खरंच सांगायचा. दोन कागद, दोन पेट्या. बोट दौतीत बुडवतात, नुसता ठिपका नाही. मागच्या खेपेला सत्तेतल्यांची माणसं पेटीच उचलून घेऊन गेली होती. यंदा गल्लीतली पोरं मोजणी संपेपर्यंत शाळेबाहेरून हलणार नाहीत. प्रफुल ते आपल्या बोलीत करून सांगायचा आणि बाबा मांडीवर थाप मारायचे. "शाबास! अशे लोक पायजे." दोन म्हातारे मित्र बोलावेत तसं चालायचं ते. एक तर म्हातारा नव्हताच, तिशीही ओलांडली नव्हती त्यानं. मी आईला म्हटलं होतं, बाबांना इतकं खुश मी माझ्या लग्नातही नव्हतं पाहिलं.

मग तिकडचं वातावरण बिघडायला लागलं. सभेत दगडफेक झाली. विरोधातल्या कोणालातरी उचललं. दुकानं दुपारीच बंद व्हायला लागली. मतदान रविवारी होतं, शुक्रवारी प्रफुलचा फोन आला. उद्यापासून इंटरनेट बंद करणार आहेत म्हणे, साधे फोनही लागतील की नाही सांगता येत नाही. गडबड झालीच तर शहरातल्या कामगारांना कारखान्याच्या आवारात न्यायला कंपनी बस पाठवणार आहे, तिथं भिंत आहे, पहारा आहे. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"बशीत बसू नको."

"म्हन्जे?"

"गाडीत बसायचं नाई. मोठा रस्ता धरायचा नाई. पायी जाय, आडवाटेनं. अन् ज्या वाटेनं गेला त्या वाटेनं वापस येजो नको."

"बाबा, इथी जंगल नाई. काजूचे बाग हायेत."

"मंग बागेतून जाय."

हा बाबांचा जंगलातल्या ड्युटीचा नियम. पोलिंग पार्टीला तेव्हा गाडी म्हणजे मरण होतं. रस्त्याखाली काय पुरलंय कोणाला माहीत? मशीन खांद्यावर घेऊन, एकमेकांपासून अंतर ठेवून, रस्ता सोडून चालायचं. एका वर्षी परतताना बरोबरची दुसरी पार्टी कंटाळली. मतदान तर झालं, आता काय होतंय, म्हणून आल्या रस्त्यानंच गाडीत बसून निघाली. बाबांची पार्टी मागं, झाडीतून पायी. आवाज त्यांनी ऐकला. त्याबद्दल बाबा एवढंच सांगतात, की झाडांवरची सगळी पाखरं एकदम उठली. पुढचं सांगत नाहीत, आणि आम्ही विचारत नाही.

म्हणून शुक्रवारी ते बोलत होते तेव्हा मला धीर आला. खरं सांगते. निदान एका माणसाला तरी काय करायचं ते ठाऊक आहे, असं वाटलं. प्रफुलही शेवटी म्हणाला, "बरं बाबा. पायीच जातो."

शनिवारी फोन बंद झाले.

त्या दिवसांचं ऊन मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. चंद्रपूरकडचं ऊन, दारापर्यंत मोहाचा वास, कुलरला पाणी पुरत नाही आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आईनं फोन चार्जिंगला लावून उशीवर ठेवला होता. त्यावरून कोणालाही बोलू देत नव्हती, अगदी गॅसवाल्यालासुद्धा नाही. आमच्या टीव्हीवर त्या देशाला जागा नव्हती. मालिका चालू, क्रिकेट चालू, इकडच्या पुढाऱ्यांची भांडणं चालू. एक अख्खा देश अंधारात गेलाय आणि कोणाला त्याचं काही पडलेलं नाही, याचा मला इतका संताप यायचा की रिमोट फेकून मारावासा वाटायचा. माझ्या मोबाईलवर कुठंतरी इंग्रजीत दोन ओळी सापडल्या. रस्त्यांवर नाके, गोळीबार, मृतांचा आकडा माहीत नाही. मी ते वाचलं आणि फोन पालथा घातला. आई म्हणाली, "काय लिवलं हाय वं?" मी म्हटलं, "काही नाही. मतमोजणी चालू आहे."

शेजारची एक बाई आली, बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "कशाले धाडलं बाई एवढ्या दूर? इथी काय उपाशी मरत होता?" मी तिला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती अजून माझ्याशी बोलत नाही, आणि मला त्याचं तिळभर वाईट वाटत नाही.

बाबा तेवढे शांत. ओसरीत खाटेवर बसून असायचे. आई मुसमुसायला लागली की म्हणायचे, "तो पायी गेला असन. माहं ऐकते तो." दुपारीही तेच, संध्याकाळीही तेच. मला एकदा ओरडावंसं वाटलं, अहो, तुम्हाला काय माहीत तिकडचं? पण ओरडले नाही. त्यांच्या त्या वाक्याला धरूनच तर आम्ही दोघी बसलो होतो.

फोन वाजला तेव्हा आईला हिरवं बटण दाबताच येईना. मी दाबलं. खरखर, आणि मग आवाज, "आई, मी हाओ." बाबांनी फोन घेतला. कसा आहेस नाही, लागलं का नाही. "पायी गेलता ना?" एवढंच विचारलं. "हो बाबा. पायीच गेलतो. सुलेमाननं नेलं बागेतून." बाबांनी फोन माझ्या हातात दिला, न्हाणीत गेले, नळ सुरू केला आणि आत मोठ्यानं रडले. त्यांना वाटलं नळाच्या आवाजात आम्हाला ऐकू येणार नाही.

महिन्याभरात प्रफुल परत आला. एक बॅग, गालफडं बसलेली. कारखाना सुरूच होता, पण तो परत गेला नाही. घुग्घुसला पुन्हा तीच भट्टी, तीच पाळी, तीच मोटरसायकल. आम्ही म्हटलं, जीव वाचला, खूप झालं. बाबांनी तर सगळ्या वस्तीला सांगितलं. विहारात सांगितलं, न्हाव्याकडं सांगितलं, लग्नाच्या पंगतीत वरण वाढणाऱ्यालाही थांबवून सांगितलं. "बस नाई पकडली पोट्ट्यानं. बागंबागं गेला. म्हून वाचला." निवृत्त झाल्यापासून खाटेला टेकलेला माणूस पुन्हा ताठ बसायला लागला. आयुष्यभर जंगलातून मशीन वाहिली त्याचं चीज झालं, असं त्यांना वाटत होतं, आणि वाटू नये का? त्या बसचं पुढं काय झालं, हे मात्र कोणी विचारलं नाही. मीही नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात राहिली. बाबा विचारायचे, "सुलेमान कसा हाय?" प्रफुल जेवता जेवता म्हणायचा, "बरा हाय." बाबा म्हणायचे, "बोलनं तरी करून दे कधी." तो म्हणायचा, "नंबर बदलला त्याचा." कधी म्हणायचा, दुसऱ्या गावाला गेला. दरवेळी ताट अर्धवट सोडून उठायचा. आणि इकडं कसलंही मतदान आलं की त्या दिवशी मुद्दाम पाळी मागून घ्यायचा. मत द्यायला जातच नाही. त्यावरून बाबा आणि तो इतके भांडायचे की आई दार लावून घ्यायची. मला वाटायचं, घाबरलाय पोरगा, तिकडचं काहीतरी डोळ्यांसमोर येत असेल. काय ते विचारायला माझी जीभ रेटली नाही. घरातलं एकच सुख होतं, बाबांचं ते ताठ बसणं. ते मोडायची मला भीती वाटत होती.

यंदा माझ्याही नावानं निवडणुकीचा आदेश आला. मी अहेरीला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. केंद्र मिळालं ते पार आत, एटापल्लीच्याही पुढं. घरी आल्या आल्या बाबांना सांगितलं आणि म्हाताऱ्याचे डोळे चमकले. चहा व्हायच्या आतच माझं शिबिर सुरू.

"गाडीत बसू नको, सुजाता."

"बाबा, आता डांबरी रस्ता झालाय तिथं. टॉवर आलाय. हॉटेलात समोसे मिळतात."

"समोसे खाय. पन पायी जाय. अन् आल्या वाटेनं..."

"माहीत आहे हो!"

"माहीत हाय म्हन्ते! तुह्या भावाले इचार, कायनं वाचला तो."

प्रफुल नुकताच पहिली पाळी करून आला होता. भुवयांवर अजून सिमेंट होतं. ओसरीच्या खांबाला टेकून पाणी पीत होता. बाबांना त्या दिवशी आणखी एक विषय सापडला होता. तिकडंही पुन्हा निवडणूक आली होती, त्यांनी मोबाईलवर वाचलं होतं. पुन्हा तीच दोन मतं, राष्ट्राध्यक्षाचं आणि संसदेचं.

"प्रफुल, सुलेमानले फोन लाव गा. नंबर काढ कोठूनबी. यंदा पेट्यांजवळ पोरं बसनार हाय का नाई, इचारतो मी त्याले."

प्रफुलनं ग्लास खाली ठेवला.

"बाबा, तो नाई हाय."

"कुठी गेला?"

"मेला बाबा. त्याच दिवशी. मले सोडून वापस जाताना."

आई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. मग प्रफुल एकदा सुरू झाला तो थांबेचना. रविवारी दुपारून शहरात आरडाओरडा सुरू झाला. कंपनीची बस निघाली होती, निरोपही आला होता. पण याच्या डोक्यात बाबा. बस नको, रस्ता नको. वाट तर माहीत नाही. म्हणून सुलेमानला गाठलं आणि बागेतून ने म्हणाला. दोघं काजूच्या झाडांतून चालत गेले. खाली फळं पडून आंबलेली होती आणि मोहासारखा वास सुटला होता. सुलेमान पुढं, फांद्या बाजूला करत. कारखान्याचं फाटक आलं.

"मी त्याले म्हटलं, आल्या वाटेनं जाऊ नको. तुमचंच बोलनं होतं ते. तो हासला. 'काऊन?' म्हने. तरी माहं ऐकलं त्यानं. मोठ्या रस्त्यानं गेला. तथी नाका लागला होता, बंदूकवाले. हा पळत चालला होता म्हन्ते. पळनारा मानूस दिसला अन् घातली गोळी."

"अन् बस?" बाबांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"बस आमच्या आंधीच पोचली होती बाबा. सगळे आत चहा पिऊन राह्यले होते."

मला प्रफुलचा राग आला. इतकी वर्षं गिळलंस, आणखी थोडी गिळली असतीस तर काय झालं असतं? म्हातारा एवढ्या एका गोष्टीवर जगतोय रे! आणि त्याच क्षणी माझा मलाच राग आला, की एक माणूस मेला आहे, त्याच्या आईनंही कुठंतरी फोन उशाशी ठेवला असेल, आणि मला पडलंय माझ्या बापाचं. पोरगा वाचला म्हणून आम्ही वस्तीभर पेढे वाटले होते. ते पेढे मीच तर आणले होते बाजारातून. मला तिथं बसवेना, पण उठताही येईना.

बाबांनी आपले दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. बराच वेळ ते हातांकडंच बघत होते. आई दारात येऊन उभी राहिली, पिठाच्या हातांनी. मला वाटलं आता हे रडतील, नाहीतर प्रफुलवर ओरडतील, नाहीतर म्हणतील की माझी चूक झाली. मी पुढं होऊन त्यांचा खांदा धरणार होते.

बाबांनी मान वर केली.

"त्याचं मत पडलं होतं का?"

कसला प्रश्न हा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण प्रफुलनं त्यांच्याकडं पाहिलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"नाई बाबा. लाईनीत उभा होता तो शाळेपाशी. नंबर येतच होता त्याचा. मीच जाऊन हात धरून बाहेर काढला त्याले. बूथ बंद व्हायच्या आंधी पोचायचं म्हून तो पळत होता."